मार्टिनरावांच्या गोठ्यातली चौकशी

ज्या घराच्या दारात एवढ्या गाई उभ्या आहेत, त्या घरात दूध दुकानातून का येतं, हा प्रश्न माझ्या कुमुदमावशीनं आयर्लंडला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारला. या गाई दुधाच्या नाहीत, यांचं सगळं दूध वासरं पितात, असं तिला सांगण्यात आलं. ते तिला पटलं नाही. मावशीला उत्तरं पटतच नाहीत. मिरजेच्या कचेरीत तिनं हयातभर रेशनकार्डं तपासली. मेलेल्या माणसांच्या नावावर साखर उचलणारे लोक बघून बघून तिचा जगावरचा विश्वास उडाला होता. "वरवर दिसतं तसं नसतं रे," हे तिचं पालुपद.

ती आली होती लेकीकडे. माझी मावसबहीण विद्या कासलबारजवळच्या एका कारखान्यात इंजिनियर. तिनं तिथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केलं. मुलाचं नाव शेन. आता गोठ्याच्या दारात उभं राहून जावयाला 'शेन' अशी हाक मारायला मावशीची जीभ रेटेना, म्हणून ती 'जावईबापू' म्हणायची. जावईबापूही नोकरी करायचे. शेत बघायचे त्यांचे वडील मार्टिन. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, कमी बोलणारा माणूस. मावशी त्यांना मार्टिनराव म्हणायची आणि त्यांच्यावर नजर ठेवून असायची.

मी तेव्हा गॉलवेत राहायचो. २०१६ च्या त्या ऑक्टोबरात दर शनिवारी गाडी काढून मदतीला जायचो, कारण हिवाळ्याआधी शेतावर कामं तुंबलेली असतात. कुंपणं दुरुस्त करायची, गोठे धुवायचे, जळणाचा टर्फ आणून रचायचा. टर्फ म्हणजे दलदलीतली माती, विटांसारखी कापून वाळवलेली. मावशीनं एक वीट उचलून हुंगली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "माती जाळतात म्हणे. मग लाकूड कुठं लपवलंय?"

काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले चाऱ्याचे मोठाले गठ्ठे होते, ते तिनं आत काय आहे म्हणून काठीनं टोचून पाहिले. आत हवा शिरली की तो चारा कुजतो. मार्टिनराव मागोमाग गेले आणि प्रत्येक भोकावर मुकाट्यानं टेप चिकटवून आले. तेही तिच्या नजरेतून सुटलं नाही. "बघितलंस, लगेच बंद केलं."

मेंढ्यांचं प्रकरण जरा नाजूक होतं. या दिवसांत मेंढ्याच्या, म्हणजे नराच्या, छातीला रंग बांधून त्याला कळपात सोडतात. कुठल्या मेंढ्या फळल्या ते त्यांच्या पाठीवरच्या रंगावरून कळतं. रोज चार पाठी नव्यानं लाल झालेल्या पाहून मावशीची खात्री पटली की शेजारी रात्रीचा येऊन आपल्या मालावर खुणा करतोय. विद्या म्हणाली, नंतर सांगते. मार्टिनरावांनी मला सगळं खुलासेवार सांगितलं. मी मावशीला म्हटलं, ओळखीसाठी असतं ते. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पुढच्या शनिवारी ती मेंढ्यांकडे पाठ करून बसली होती.

मग एका दुपारी मी कामावर असताना तिचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"मन्या, वासरं गेली. पोरं कामावर गेल्यावर मार्टिनराव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घेऊन गेले आणि ट्रॉली रिकामी परत आणली. गाई फाटकाशी उभ्या राहून हंबरतायत. घरचंच माणूस आहे, सांभाळून ये."

विद्याला तिनं कळवलं नव्हतं. पोरीच्या संसारात वितुष्ट नको म्हणे. मी अर्धी रजा टाकली. पोचलो तेव्हा गाईंचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. स्वयंपाकघरात मार्टिनरावांनी मावशीपुढे चहा ठेवला होता आणि तिनं तो तोंडाला लावला नव्हता. तिनं मला विचारायला लावलं. मी जमेल तितकं गुळगुळीत करून विचारलं, की वासरं बरी आहेत ना.

"मी ती गुपचूप विकली, असं वाटतंय त्यांना," मार्टिनराव शांतपणे म्हणाले. मग त्यांनी टोपी घातली आणि मावशीपुढे विद्याचे गमबूट आणून ठेवले.

पार पलीकडच्या गोठ्यात वासरं खाणं खात उभी होती. मावशीनं ती दोनदा मोजली. सगळी होती. मार्टिनरावांनी सांगितलं, वासरं मोठी झाली, गाईंच्या पोटात पुढची आहेत, तेव्हा दर शरदात ती आईपासून अशी तोडावीच लागतात. तीन-चार दिवस गाई ओरडतात. मी भाषांतर करत गेलो.

परत येताना मावशी फाटकाशी थांबली. एक तांबडी गाय मान उंच करून हंबरत होती, घसा बसेपर्यंत.

"विचार त्यांना, नंतर विसरतात का?"

मार्टिनरावांनी जरा विचार केला. म्हणाले, "गप्प होतात."

मावशी गाईकडेच बघत होती. "विद्याला विमानात बसवून घरी आले ना, तेव्हा मी मिक्सर लावला. रिकामाच. शेजाऱ्यांची भिंत लागून आहे, त्यांना ऐकू जायला नको म्हणून." थोड्या वेळानं म्हणाली, "मोटर जळाली त्याची. मी सगळ्यांना सांगितलं, दुकानदारानं फसवलं."

काय म्हणतायत, असं मार्टिनरावांनी मला विचारलं. मी म्हटलं, घरचा मिक्सर जळाला होता, ते सांगतेय. त्यांनी मान हलवली आणि तेही फाटकावर हात टेकून उभे राहिले. पाऊस भुरभुरायला लागला तरी दोघं हलेनात.

विद्याची गाडी अंगणात शिरली तेव्हा अंधारायला आलं होतं. मावशी चिखलातून जवळजवळ धावतच गेली.

"इतका उशीर का? कुठं थांबली होतीस?"

"दुकानात, आई. पाव आणायला."

मावशीनं पिशवी उघडून पाहिली. पावच होता. मग तिनं पिशवी स्वतःकडे घेतली, दुसऱ्या हातानं विद्याचं मनगट धरलं, आणि घराच्या दारापर्यंत ते सोडलं नाही.