भाऊजींचा विश्वास आणि मखमलीचा पडदा

“दोन दिवस गार खोलीत बसून आले, आणि आता आम्हाला शिकवतायत,” धाकटी जाऊ तोंडात टाचण्या धरून पुटपुटली. शब्द अर्धेच कळले, राग पूर्ण कळला.

ती स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलत होती, म्हणजे माझ्या दिराबद्दल. पडद्यांचा धंदा त्यांचा, शिवणाऱ्या आम्ही दोघी. भाऊजी आत्मविश्वासाच्या शिबिराहून आले ते फर्मान घेऊनच. इथून पुढे ‘जमणार नाही’ म्हणायचं नाही.

मला कशाला म्हणावं लागतंय? पडदे शिवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पण एका नव्या सभागृहाच्या पडद्याची मखमल आली आणि माझं डोकं फिरलं. जड कापड आम्ही आधी रात्रभर टांगतो. ते स्वतःच्या वजनानं ताणून लांबतं, मगच खालची पट्टी दुमडतो.

“आत्ताच दुमडा,” भाऊजी म्हणाले.

“उद्या जमिनीवर लोळेल.”

“वहिनी, ही तुमची शंका बोलतेय.”

“शंका नाही, मखमल बोलतेय.”

शेवटी दुमडली, दातओठ खात.

पडदा सकाळी लागला. संध्याकाळी उद्घाटनाला पाहते तर वीतभर जमिनीवर, जेवून सुस्तावलेल्या मांजरासारखा. पडदा झोकात उघडला तर अख्ख्या इमारतीचे पडदे आम्हालाच, असं सभागृहाच्या व्यवस्थापकांनी कबूल केलेलं. आणि पडद्याआड मंचावर मांडलेल्या पाहुण्यांच्या टेबलाचे पाय नेमके त्या लोळणाऱ्या मखमलीवर!

“आधी टेबल उचला,” मी म्हटलं.

“पाहुणे बसलेत. जमेल,” म्हणत भाऊजींनी दोरी ओढली.

पडदा जागचा हलला नाही. टेबल निघालं. त्यावर कोपर टेकलेले प्रमुख पाहुणेही निघाले.

“काही अडचण?” व्यवस्थापक धावत आले.

“छे, जमतंय,” भाऊजी घामाघूम. “सगळ्यांनी विश्वासानं ओढा.”

आम्ही संतापानं ओढली. वरची दांडी कडकडली आणि अर्धा पडदा पाहुण्यांच्या डोक्यावर आला.

“इमारतीचं काम आम्ही दुसरीकडे देतो,” व्यवस्थापक म्हणाले.

भाऊजींनी मान ताठ केली. “तुमचा स्वतःवर विश्वासच नाही. म्हणून पडला.”

जावेनं दोरी सोडली.

“ताईंना जमतं, कारण त्यांनी जन्मभर शिवलंय. मला जमतं, कारण मी त्यांच्या शेजारी बसून उसवलंय नि पुन्हा शिवलंय. तुम्ही कधी सुईत दोरा ओवलात? अहो, तुम्हाला काम येत नाही.”

उरलेल्या पडद्यातून सगळं ऐकू जातं, हे आम्हाला पलीकडून प्रेक्षकांच्या टाळ्या पडल्यावर कळलं.