स्त्रीप्रधान चित्रपटात कंडक्टरबाईंचे स्थान

स्त्रीप्रधान चित्रपटाच्या केंद्रस्थानी स्त्रीच असते, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. मतभेद आहेत ते तिने तिथे जिवंत असावं की नाही, एवढ्यापुरते.

डोंबिवलीत मराठी शिकवणाऱ्या अंतराने पहिली पटकथा लिहिली ती विमलाबाईंवर. विमलाबाई खोपटच्या एसटी डेपोत कंडक्टर. घाटात ड्रायव्हर बेशुद्ध पडला तेव्हा त्यांनी स्वतः ब्रेक दाबून एक्केचाळीस प्रवासी वाचवलेले. दोन वर्षं अंतरा त्यांच्या घरी जाऊन टिपून घेत होती. "खोटं लिहू नकोस गं," एवढीच त्यांची अट.

कोपरचा मितेश (घरच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्यावर कलेकडे वळलेला) निर्माता लाभला. "ताई, महिलांसाठी आपल्याला कायतरी करायचंच आहे," तो म्हणाला. नायकही तोच होता.

सुधारणा किरकोळ होत्या. नायक म्हटल्यावर तो ड्रायव्हर असणं ओघानेच आलं. नायक बेशुद्ध पडत नाही (प्रेक्षक दुखावतात), सबब कंडक्टरबाई बेशुद्ध पडल्या. बेशुद्ध व्यक्ती बोलत नसल्याने त्यांचे दोनशे बारा संवाद सहावर आले. पैकी चार नुसते "अहो". शुद्धीवर आणून त्यांचं पुढे करायचं काय, असा पेच पडला तेव्हा मध्यंतराआधीच त्यांना सन्मानाने मारण्यात आलं. उरलेला सव्वा तास नायक सूड घेतो. (कोणावर, हे नीट कळत नाही. दोषी घाटच होता.)

अंतराने फोन केला. "माझं नाव काढा."

"असं कसं, ताई? बाईने लिहिलंय म्हणूनच तर स्त्रीप्रधान बोलतो ना आपण."

नाव राहिलं.

महिला दिनाच्या खेळाला विमलाबाई आल्या. पडद्यावर त्यांच्या फोटोला हार पडला तेव्हा सगळं थिएटर हुंदके देत होतं. बाहेर आल्यावर अंतराला त्यांच्याकडे बघवेना.

"ते एक्केचाळीस वाचले ना यातपण?" विमलाबाईंनी विचारलं.

"वाचले."

"मग राहू दे," म्हणाल्या, आणि ड्युटीला गेल्या.

ते "राहू दे" अंतराला महिनाभर टोचलं. शेवटी तिने मूळ पटकथा, एक शब्द न बदलता, पुस्तक म्हणून छापली. डोंबिवलीतल्या एका वाचक मंडळाने त्यावर चर्चा ठेवली. हजर चौतीस, पैकी स्त्रिया एकोणतीस. पुस्तक एकमताने आवडलं. प्रश्नही एकमताने एकच आला: "यावर त्यांच्या मिस्टरांचं काय म्हणणं होतं?"

आपणही मघापासून त्यांनाच शोधत असाल, तर गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.