गज्जूकाकांचा सूर्यस्वर

आमच्या शेजारचे गज्जूकाका कुणाच्याही नाकाखाली ताटली धरतात. छोटी, स्टीलची, जाकिटाच्या खिशात मावणारी. तुम्ही घराबाहेर पडताय आणि ते फाटकाशी उभे आहेत, असं झालं की सुटका नाही. "थांबा. नाकाने सोडा." आपण श्वास सोडायचा. स्टीलवर वाफेचे डाग उमटतात. डावीकडचा मोठा असला तर चंद्रस्वर चालू, मग डावा पाय आधी बाहेर टाकायचा. उजवीकडचा मोठा असला तर सूर्यस्वर, मग उजवा.

मी शाळेत गणित शिकवतो. या शास्त्रावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी कित्येक वर्षं मी ताटलीवर श्वास सोडूनच स्कूटर बाहेर काढतोय, कारण वाद घातला तर पहिला तास बुडतो. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. त्यामुळे वाद घालायला त्यांना आणि ऐकून घ्यायला मला दुसरं कुणी नाही.

त्यांच्या स्वतःच्या श्वासाचा मात्र ताटलीवर एकच डाग पडायचा. डावी नाकपुडी लहानपणापासून बंद. नाक मधूनच डावीकडे वळलेलं, मग विचार बदलल्यासारखं पुन्हा सरळ खाली आलेलं. ग्वाल्हेरात हॉकी खेळला नाही असा त्यांच्या पिढीचा मुलगा सापडायचा नाही. थोरले भाऊ दादा, त्यांची स्टिक जोरात फिरली आणि मागे उभ्या असलेल्या गज्जूच्या नाकावर बसली. घरच्यांनी हळदीचा लेप लावला. हाडाला वाटलं तसं ते जुळलं.

तेव्हापासून त्यांचा श्वास वाजायचा. आत जाताना 'सूंऽऽ', मग मध्येच एक अडखळ, आणि बाहेर येताना बारीक शिट्टी. काका येताहेत हे कॉलनीतल्या कुत्र्यांनाही आधी कळायचं. माझी बायको म्हणायची, "काका, दाखवून घ्या ना एकदा." त्यावर उत्तर ठरलेलं. "आपला सूर्य चोवीस घंटे चालू आहे सूनबाई. बिजली कधी जातच नाही. चंद्र आणून करू काय?" आपला तापट स्वभाव, कडक पचन आणि लग्न न होणं, तिन्हींचं श्रेय ते त्या एकट्या नाकपुडीला देत. नोकरी त्यांनी नळखात्यात केली. पाटणकर बाजारापासून पार पलीकडच्या वस्त्यांपर्यंत तुंबलेले पाइप मोकळे करण्यात आयुष्य गेलं, आणि स्वतःच्या नाकाला त्यांनी कुणाचा हात लागू दिला नाही.

दादा अगदी उलट. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ, कमी बोलणारे. बायको गेल्यावर ते धाकट्या भावाकडे राहायला आले आणि पुढे काचबिंदूने त्यांची नजर पूर्ण गेली. पण त्यांनी काठी घेतली नाही आणि कुणाचा हातही धरला नाही. ताटलीच्या शास्त्राला ते एका शब्दात निकालात काढत. "मूर्खपणा. फौजेत डावा पायच आधी पडतो." आणि रोज डाव्या पायानेच फाटकाबाहेर पडत.

रोज सकाळी दोघे फूलबागेत फिरायला जात. कॉलनीतून रिक्षाने जायचं आणि बागेत उतरून चालायचं. गज्जूकाका पुढे, दादा चार पावलं मागे, कोटाच्या खिशात हात घालून. एकमेकांशी अवाक्षर नाही. जुनं काही भांडण असेल, असं सगळे समजत. मलाही तेच वाटायचं.

मग ही गेली थंडी आली. आमच्याकडे जानेवारीत धुकं पडलं की समोरचं घर दिसत नाही. काकांना सर्दी झाली आणि एकटी चालणारी नाकपुडीही बंद झाली. फूलबागेत चालता चालता ते गुदमरून खाली बसले. दादा तिथेच उभे राहून "गज्जू, गज्जू" म्हणून हाका मारत होते. मी त्या दिवशी बरोबर होतो म्हणून बरं. दादांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी नाकात दिवा टाकून पाहिलं. "अंकल, एक तरफ से तो हवा जा ही नहीं रही. बीच का पर्दा मुड़ा हुआ है, हड्डी टेढ़ी जुड़ी है." ते हाड पुन्हा सोडवून सरळ बसवायचं आणि पडदाही सरळ करायचा, असं त्यांनी समजावून सांगितलं. असंच चालू ठेवलं तर पुढच्या सर्दीत जिवावर बेतेल, हेही सांगितलं.

काकांनी एकच प्रश्न विचारला. "आवाज जाणार का?"

"वही तो जाएगा, अंकल," त्या हसून म्हणाल्या.

"मग राहू द्या."

ते उठून बाहेर गेले. मला संताप आला. सूर्य-चंद्राच्या खुळापायी माणूस जीव गमावणार, एवढंच मला दिसत होतं. घरी येऊन मी सगळं दादांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला सांगा, नाक मी मोडलं होतं. सरळ झालेलं मला हात लावून पाहायचं आहे. जास्त टाइम नाही माझ्याकडे."

हा निरोप मी जसाच्या तसा दिला. काकांनी ताटली पुसली, खिशात टाकली आणि म्हणाले, "केव्हा जायचं?"

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी चाकांची खुर्ची ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी थांबवायला लावली, उतरले, उजवा पाय आत टाकला आणि पुन्हा बसले. नर्स माझ्याकडे बघत राहिली. मी छताकडे बघितलं.

नाकावर प्लास्टर, आत बोळे, डोळ्यांखाली निळं पडलेलं, अशा अवतारात ते तोंडाने श्वास घेत घरी आले. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोळे काढले आणि हळूच श्वास घ्यायला सांगितलं. काकांनी डोळे मिटून श्वास घेतला. डोळे उघडेनात. मला वाटलं दुखलं.

"थंड लागतंय रे," ते म्हणाले. "डावीकडून थंड लागतंय."

मी त्यांच्या खिशातून ताटली काढली आणि त्यांच्या नाकाखाली धरली. दोन डाग पडले. ते पुसट होऊन जाईपर्यंत काका त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी पुन्हा श्वास सोडला आणि पुन्हा पाहिलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी दादांनी त्यांच्या नाकावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि "ठीक," एवढंच म्हणाले.

फिरणं पुन्हा सुरू झालं त्या पहिल्या सकाळी मीही फूलबागेत गेलो. काका नेहमीसारखे पुढे निघाले. दादा जागेवरच उभे राहिले, मान किंचित तिरपी करून. पुढे काहीच ऐकू येत नव्हतं. काका वळून मागे आले आणि त्यांनी हात पुढे केला. तो कोटाच्या बाहीला लागताच दादांनी आपले हात खिशात आणखी खोल घातले.

"तू हो पुढे," दादा म्हणाले. पण पाऊल काही उचलेना.

काकांनी पाठ फिरवली, नाक आक्रसलं, ओठ एका बाजूला ओढले, आणि सूंऽऽ करून बारीक शिट्टी काढली. दादांचं पाऊल पडलं. दोघे चालू लागले. इतकी वर्षं दादांची काठी कुठे होती, ते मला त्या सकाळी कळलं. काकांना ती मोडायची नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

परवा बाकावर मी आणि दादा दोघेच होतो. काका पलीकडे चहा सांगायला गेले होते.

"नकली वाजवतो तो," दादा अचानक म्हणाले.

काकांनी ऐकलं तर नाही ना, म्हणून मी पलीकडे बघितलं.

"आधी श्वास मध्येच अडकायचा. रात्री तर इतका अडकायचा की मी उठून बसायचो. पुढचा श्वास येतो की नाही, ऐकत राहायचो. इतकी वर्षं, सर. आता नकली वाजवतो ना, त्यात अडकणं टाकायचं विसरतो. ते न अडकणंच ऐकायला मी मागे मागे चालतो."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"बिलकुल सांगायचं नाही. मेहनत करून राहिलाय बिचारा."

चहा झाला. काका समोर जाऊन उभे राहिले, पाठ करून, आणि त्यांनी नाक आक्रसून आपलं वाजवणं सुरू केलं. दादा उठले. कोटाची बटणं लावली, मान सरळ केली आणि उजवा पाय आधी टाकला.