नवसाच्या दोन कोंबड्या

शालनबाईंनी कोंबड्या पाळल्या त्या अंड्यांसाठी, ही गोष्ट त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणालाच पटली नव्हती.

कुसुमला मुदतीचा ताप येऊन गेला होता. ताप उतरला तेव्हा सात वर्षांची पोर चार वर्षांच्या झग्यात मावेल एवढीच उरली. दिवाळीत भरलेल्या बांगड्या तिनं हात वर केला की कोपरापर्यंत जात आणि खाली केला की गळून पडत. शेवटी शालनबाईंनी त्या काढून डब्यात ठेवल्या. चिंचवडच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सांगितलं, रोज एक अंडं, तीन महिने, एक दिवसही चुकवायचं नाही. विकतच्या अंड्यांचा भरवसा नव्हता. ती किती जुनी आहेत ते फोडल्याशिवाय कळत नसे आणि फोडल्यावर कळून उपयोग नसे. म्हणून त्यांनी घरमालकीण गोजाबाईंकडून चार कोंबड्या घेतल्या.

किवळ्यात गोजाबाईंच्या मळ्याच्या कडेला दोन खोल्यांत हे कुटुंब सात वर्षं राहत होतं. रंगराव मूळचे पुसेगावकडचे; देहूरोडला लष्कराच्या एका गोदामात कारकून होते. गोजाबाईंनी कोंबड्या मोजून दिल्या, त्याबरोबर समजही दिली.

"कोंबडी दिसाआड अंडं घालती. चार हायेत, म्हंजी पोरीला रोजचं घावंल आन एखादं वर. फकस्त पावन्याच्या नजरंला पडू देऊ नगं."

शालनबाई हसल्या. गोजाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या उभ्या आयुष्यात पाहुणे पुष्कळ येऊन गेले होते.

आणि रंगरावांना तर पाहुणा दारात दिसला की राहवत नसे. "जेवल्याबगार जायाचं न्हाई," हे वाक्य घरातल्या डब्यांची चौकशी न करताच त्यांच्या तोंडून बाहेर पडे.

पहिले आले हिंदुराव, रंगरावांचे आतेभाऊ. ते पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर मुकादम होते. कुसुम तापाने फणफणली होती तेव्हा त्यांना कामातून सवड मिळाली नव्हती. कोंबड्या आल्याचं कळल्यावर पहिल्याच रविवारी मिळाली. ओट्यावर बसून त्यांनी तंबाखू मळली.

"बरीच भरलीया की," ते म्हणाले.

शालनबाईंनी कौतुकानं कुसुमकडे पाहिलं. हिंदुरावांची नजर चितरी कोंबडीवर होती.

चितरी गेली. कुसुमला अजून कोंबडी पचणारी नव्हती, म्हणून तिच्या वाटणीचंही हिंदुरावांनीच खाल्लं.

पुढच्या रविवारी हेडक्लार्क दौलतराव आले. रंगरावांच्या बढतीचा कागद सात वर्षं ज्यांच्या टेबलाच्या खणात विश्रांती घेत होता, ते हेच. ते मुलीला बघायला आले होते, आणि मुलीकडे पाठ व खुराड्याकडे तोंड करून बसले. पिवळी गेली. निघताना त्यांनी शालनबाईंना बजावलं की मुलगी फार अशक्त दिसते, तिला अंडी वगैरे द्यायला हवीत.

आता उरल्या दोन, काळी आणि बोडक्या मानेची. दोघींची मिळून दिवसाला एक अंडं अशी सरासरी जेमतेम पडत होती. आणखी एक रविवार असाच गेला असता तर कुसुमचं अंडं दिवसाआड झालं असतं.

तिसऱ्या रविवारी दौलतराव आले आणि त्यांच्यामागोमाग हिंदुरावही. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. पण आवड एक निघाल्यामुळे ती पाच मिनिटांत झाली. रंगराव मान खाजवत चुलीपाशी आले.

"दोघं आलेत," ते म्हणाले.

"मग पिठलं टाकते."

"हेडक्लार्कला पिठलं? बरं दिसंल का ते?"

शालनबाईंनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. रंगराव परसात गेले आणि काळीमागे वाकून धावू लागले. पाहुणे ओट्यावरून दिशा सांगत होते. कुसुम दाराला टेकून बघत होती. नुसती उभी राहिली तरी तिला दम लागे. शालनबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या.

"त्यांना हात लावू नका," त्या म्हणाल्या. "नवसाच्या हायेत."

रंगराव वाकलेले तसेच राहिले. सांगून टाकेपर्यंत खुद्द शालनबाईंनाही ही बातमी नव्हती.

"कुठल्या देवाच्या?" दौलतरावांनी विचारलं. लेखी कामाची सवय असल्यामुळे त्यांना तपशील लागत असे.

"बांधावरच्या म्हसोबाच्या."

"आणि नवस कसला?"

कुसुमचं नाव शालनबाईंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. पोरीचा जीव खोट्या नवसाला बांधायला त्यांचं मन होईना. हवा होता तो कधीच पुरा न होणारा नवस. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"ह्यांच्या बढतीचा," त्या म्हणाल्या. "बढती झाली की दोन्ही म्हसोबाला."

त्या दिवशी सर्वांनी पिठलं खाल्लं. पाहुणे गेल्यावर रंगराव चुलीपाशी येऊन बसले. मग म्हणाले, "माझ्यासाठी नवस बोललीस, आन मला पत्ताबी न्हाई." शालनबाईंना इतकं अपराधी वाटलं की संध्याकाळी त्यांनी त्यांच्या भाकरीवर तूप घातलं.

त्यानंतरचे रविवार शांततेत गेले. कुसुमला रोज अंडं मिळत राहिलं. ती पायऱ्या चढू लागली, भांडू लागली, आणि अंड्यातलं पिवळं नको म्हणण्याइतकी अंगात ताकदही आली.

इकडे दौलतराव मात्र विचारात पडले होते. त्यांनी सोमवारी खण उघडून रंगरावांचा कागद बाहेर काढला आणि त्यावरची धूळ झटकली. रंगरावांनी सात वर्षांत एकही खाडा केला नव्हता. चार अर्ज आणि दोन स्मरणपत्रं दिली होती, साहेबांच्या मोटारीला सोळा वेळा नमस्कार केला होता. त्यातलं काहीही दौलतरावांच्या नजरेत भरलं नव्हतं. आता त्यांना एकदम रंगरावांचं अक्षर वळणदार दिसू लागलं, स्वभाव कष्टाळू दिसू लागला. तशी शिफारस लिहून त्यांनी सही केली आणि कागद वर पाठवला. मधूनमधून ते रंगरावांना बोलावून आपुलकीनं विचारत, "कोंबड्या बऱ्या आहेत ना?"

नवसानंतर सहाव्या आठवड्यात बढतीचा हुकूम आला.

रंगराव पेढे घेऊनच घरी आले. म्हसोबा जागृत असल्याची त्यांची खात्री पटली होती, आणि दौलतरावांना सहकुटुंब आणि हिंदुरावांना सुरीसकट रविवारचं आमंत्रण देऊनही झालं होतं. शालनबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. डॉक्टरांच्या तीन महिन्यांतले पाच आठवडे अजून शिल्लक होते. त्या पेढा हातात धरूनच गोजाबाईंकडे गेल्या आणि खरं काय ते सांगून टाकलं.

गोजाबाईंनी मिश्री लावत सगळं ऐकून घेतलं. मग चूळ भरली.

"देवाला जनावर दोन रीतीनं देत्यात," त्या म्हणाल्या. "येक कापून आन येक सोडून. रविवारी मी हाय. तू बोलू नगंस."

रविवारी बांधावरच्या करंजाखाली मंडळी जमली. हिंदुरावांनी सुरीला धार लावून आणली होती. दौलतरावांनी बायको, तीन मुलं आणि घरचा मसाला आणला होता. गोजाबाईंनी शेंदूर लावलेल्या म्हसोबापुढे नारळ फोडला, कोंबड्यांच्या डोक्याला हळदकुंकू लावलं, एकेक उचलून देवाला दाखवली आणि खाली ठेवून दिली. काळी पंख झाडून चरायला लागली.

"सुटल्या," गोजाबाई म्हणाल्या. "देवाच्या झाल्या."

"म्हंजी?" हिंदुराव म्हणाले.

"म्हंजी आता ह्येंच्या अंगाला जो कोन सुरी लावंल त्याचं म्हसोबा बघून घील."

हिंदुरावांनी सुरी धोतराच्या सोग्यात लपवली. दौलतरावांनी घसा खाकरून विचारलं, की या बाबतीत दुसरी काही पद्धत आहे का.

"हाय की," गोजाबाई म्हणाल्या. "सायबास्नी बढती माघारी घ्यायची आसंल, तर तसं देवाला सांगावं लागंल."

बढतीच्या कागदावर दौलतरावांचीच सही होती. त्यांनी मसाल्याची पुडी परत पिशवीत घातली. त्या दिवशी पुन्हा पिठलंच झालं, फक्त ते जास्त माणसांना पुरवावं लागलं.

दिवस कलल्यावर देवाच्या कोंबड्या बांधावरून चालत आल्या आणि रोजच्यासारख्या आपल्या खुराड्यात जाऊन बसल्या. सकाळी पेंढ्यात अंडं होतं. अंडं देवाचं की आपलं, हे शालनबाईंनी गोजाबाईंना विचारलं. देव कधी अंडं उकडताना दिसला का, एवढंच गोजाबाईंनी विचारलं.

पाच आठवडे सरले. डॉक्टरांनी कुसुमला काट्यावर उभं केलं आणि ते खूश झाले. मुलगी बरी झाली, अंडी पुरेत, ते म्हणाले. आता महिनाभर आठवड्यातून दोनदा कोंबडीचा रस्सा द्या. तुमच्या घरात कोंबड्या आहेतच.

शालनबाई परत येऊन ओट्यावर बसल्या. समोर दोन गुबगुबीत कोंबड्या निर्धास्त फिरत होत्या. साऱ्या गावात त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती, आणि शालनबाईंची तर नव्हतीच.

"दौलतरावांनी सहा घेतल्यात," रंगराव बूट काढत सहज म्हणाले. "अंड्यांसाठी."

रविवारी शालनबाईंनी कुसुमला डब्यातल्या बांगड्या भरल्या, वेणी घातली, आणि तिघंही देहूरोडला दौलतरावांच्या बिऱ्हाडी गेली. सहज आलो, असं रंगरावांनी सांगितलं. शालनबाई दौलतरावांकडे पाठ आणि खुराड्याकडे तोंड करून बसल्या. चहा झाला. साहेबांचा विषय झाला, पाण्याचा झाला. उन्हं डोक्यावर आली, तरी जेवल्याशिवाय जायचं नाही असं कुणीच म्हणेना. तेव्हा रंगरावांनी सवयीनं ते स्वतःच म्हणून टाकलं.

दौलतरावांच्या लक्षात आलं. ते घाईघाईनं म्हणाले, "वहिनी, ह्या नवसाच्या आहेत."

"व्हय का," शालनबाई म्हणाल्या. "कसला नवस केलाय?"

ते मात्र दौलतरावांनी ठरवलं नव्हतं. त्यांची नजर इकडेतिकडे फिरली आणि कुसुमवर येऊन थांबली.

"ह्या तुमच्या मुलीचाच," ते म्हणाले. "तिला बरं वाटू दे म्हणून."

शालनबाईंनी कोंबड्यांवरून एकदा नजर फिरवली. मग मुलीकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "कुसुम, हात वर कर गं."

कुसुमनं हात वर केला. बांगड्या मनगटावरच राहिल्या.

देवाला जनावर दोन रीतींनी देतात, हे दौलतरावांना माहीत होतं. पण ते त्यांना आठवेपर्यंत रंगराव बाह्या सारून खुराड्यापाशी पोचले होते.