तीन कोंगो दरबारी आले त्याची हकिकत

श्री. ज्याने माणसास आधी कान दिले आणि मग हात दिले त्या कर्त्यास नमन असो, आणि जे ऐकतील त्यांची दुपार सुखाची जावो. शके १८९६, आनंदनाम संवत्सर, श्रावणमास. एका राज्यात, ज्याचे नाव घेत नाही कारण तेथील माणसे अजून बाजारात भेटतात, श्रीमंत द्वारकाऊसाहेब राज्य करीत होत्या. राज्य कागदोपत्री केव्हाच सरकारजमा जाहले होते, परंतु आऊसाहेबांनी ते मनावर घेतले नव्हते, आणि प्रजेनेही कधी आठवण करून दिली नाही. आऊसाहेबांचा लौकिक आवरासावरीचा. पातेल्यात पातेले, डब्यात डबा, पेटीत पेटी, ऐसी त्यांची शिस्त. जी वस्तू दुसऱ्या वस्तूच्या पोटात जात नाही ती उधळी, ऐसे त्यांचे मत. माहेराहून आलेला चांदीच्या वाट्यांचा संच एकात एक बसवून कोठीत ठेविला, तो इतका नीट बसला की पुढे कोणाच्या पानावर दिसलाच नाही. कोठीवर विसाजीपंत कोठावळे कारभारी. त्यांच्या गळ्यात मापाची सुतळी अष्टौप्रहर असे, आणि माणूस भेटला तरी हा कोणत्या कपाटात मावेल ऐशा नजरेने ते पाहात.

त्या राज्याचा नगारा रामजी गुरव वाजवीत. त्यांचा उजवा खांदा धरला आणि हात वर जाईना, मग चाकरी पुढे कोणाची हा प्रश्न पडिला. रामजींस पुत्र नाही, एक कन्या मंजुळा. नगाऱ्याच्या टिपऱ्यांस मुलीने शिवू नये ऐसा तेथला रिवाज, म्हणोन ती लहानपणापासून बापाच्या पाठीमागे बसून नुसत्या तळहातांनी वाजवीत आली होती. उंबरा, पाट, पिठाचा डबा, काही सोडिले नाही. आणि रामजींचा पुतण्या धोंडजी, त्याच्या हाती टिपऱ्या होत्या, डोईस नवा रुमालही बांधून तयार होता, आणि तो म्हणे, "काकांची गादी म्हणजे माझीच की. मंजी काय, पोळपाट वाजवील."

तों आऊसाहेबांचे जावई बोटीवरची चाकरी करून परत आले आणि पंगतीत बोलिले, "शेजारच्या संस्थानात लग्नाला कोंगो होते. आपल्याकडे काय, अजून ढुम ढुम?" आऊसाहेबांचा घास हातातच राहिला. कोंगो म्हणजे उभा, कमरेइतका उंच, पिंपासारखा पोटाळ ढोल. वर कातडे, खाली उघडा, आणि वाजवावयाचा तो नुसत्या हातांनी. हे ऐकताच पंगतीच्या पडद्याआड हजेरीस उभे होते ते रामजी बोलिले, "आऊसाहेब, हातांनी वाजवणारं राज्यात एकच माणूस आहे." मग आऊसाहेबांनी हुकूम केला की तीन कोंगो आणावे, दसऱ्याच्या दरबारी मंजुळेने वाजवावे, आमची मान डोलली तर चाकरी तिची, न डोलली तर नगारा धोंडजीचा आणि पुन्हा तो विषय नाही.

मग विसाजीपंत आगगाडीने बंदराच्या शहरी गेले आणि तेथे लोबोशेट म्हणोन वाद्यांचे व्यापारी होते त्यांच्या दुकानात सुतळी काढून बसले. मोठ्याच्या खालच्या तोंडातून मधला आत गेला पाहिजे आणि मधल्यात धाकटा, नाहीतर घेणार नाही, ऐसी त्यांची अट. लोबोशेटांनी माळा धुंडाळिला आणि एक रांजणाएवढा, एक बेताचा आणि एक मांडीवर मावेल ऐसा, तीन ठिकाणचे तीन जमवून दिले. ते एकात एक घालून पंत एकच नग घेऊन परतले, आणि आऊसाहेब ते पाहून इतका संतोष पावल्या की वाजवून पाहाणे त्यांच्या ध्यानीच आले नाही. मग दसऱ्याआधीच्या तालमीस मंजुळा दरबारी उभी राहिली. थोरला वाजला तो विहिरीत कोणी पडल्यासारखा, धाकटा वाजला तो खिडकीवर खडा मारल्यासारखा, मधला बिचारा दोहोंच्या मध्ये एकटाच पडिला, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यास मिळेना. शिवाय थोरल्यासाठी टाचा उंचावाव्या आणि धाकट्यासाठी गुडघ्यांत वाकावे. धोंडजी खांबाला टेकून म्हणाला, "मंजे, वाजवतीयस का पाणी शेंदतीयस गं?" आणि दरबार हसला.

मंजुळा रागावली आणि रागाच्या भरात तिनेही चूक केली. ती म्हणाली, "मला तिन्ही सारखे द्या. कमी नको, जास्त नको." पंतांस हे मनोमन पटले नाही, कारण सारखे ढोल एकात एक जात नाहीत, परंतु हुकूम होता, म्हणोन गेले, आणि सुतळीने तोंड, पोट, उंची मोजून एका मापाचे तीन घेऊन आले. मंजुळेने घाम गाळून वाजविले. सारे वाजून थांबले तेव्हा आऊसाहेब बोलिल्या, "हा झाला एक. आता बाकीचे दोन वाजव."

"आऊसाहेब, तिन्ही वाजवून झाले."

"हो का? आम्हांस वाटले एकच फार वेळ चालला आहे."

त्या दिवशी धोंडजी हसलासुद्धा नाही, नुसता रुमालाची घडी नीट करीत राहिला, आणि ते मंजुळेस हसण्याहून लागले. दसरा तोंडाशी आला होता. घरी रामजी इतकेच म्हणाले, "पोरी, नगाऱ्यालासुद्धा जोडीला लहान भांडं असतं. पण ते नगाऱ्याच्या घरचं असतं." मग मंजुळा पंतांकडे गेली आणि म्हणाली, "पंतकाका, या खेपेस मी येते. तुमची सुतळी घ्या, माझे कान घेते." पंत म्हणाले, "आणि बसले नाहीत एकात एक तर?" ती म्हणाली, "तर तुम्ही ओरडा माझ्यावर, गाडीभर ओरडा, पण या." आणि दोघे निघाले.

लोबोशेटांनी त्यांस पाहून कपाळास हात लाविला. "दोन वेळा आलात, दोन्ही वेळा हुकूम घेऊन आलात. विचारायला कोणी आलंच नाही." मंजुळा म्हणाली, "आता विचारते. कुठून सुरुवात करू?" शेट म्हणाले, "मधल्यापासून, बाई. थोरल्यापासून करशील तर रांजण घेशील, धाकट्यापासून करशील तर डबी. जो सबंध वेळ हाताखाली राहणार तो आधी धर, मग त्याला शेजार बघ." मग मंजुळेने एकेक मधला वाजवून पाहिला, आणि एकापाशी थांबली आणि म्हणाली, "हा मी. संध्याकाळी गल्लीत उभी राहून हाक मारते ना, ती ही." शेट म्हणाले, "झालं. आता घरात आणखी कोण हाक मारतं?" मग तिने त्याच कारागिराचे, त्याच लाकडाचे ढोल पुढे ओढिले. रुंद तोंडाचा वाजवून म्हणाली, "हे बाबा. पण फार लांबून, शेतावरून." त्याहून जरा अरुंद घेतला, "हे बाबा, ओसरीवरून." आणि मधल्याहून लहान तोंडाचा घेतला तो पहिल्याच थापेस हसली, "ही आई. पोळी गार होतीय म्हणणारी." डोळे मिटून ऐकले तरी कोण बोलते ते कळावे आणि तिघे एका घरचे हेही कळावे, ऐसा तो मेळ जाहला. मग पंतांनी सुतळी लाविली. तिन्हींची उंची एक; तोंडे मात्र धाकट्याहून मधले बोटभर रुंद, मधल्याहून थोरले बोटभर रुंद. पंतांनी फिरून मोजिले, तेच आले, आणि ते हळूच म्हणाले, "माप तर सुरेख आहे गं. पण एकात एक नाही जायचे."

"नाही जायचे, काका."

"मग मी आऊसाहेबांना काय सांगू?" ऐसे म्हणोन ते परतीच्या गाडीत तिन्ही कोंगोंच्या मध्ये अंग चोरून बसले, आणि जो उतारू येई तो विचारी, "आजोबा, वाजवून दाखवा की." पंतांनी खांद्यांत गेलेली मान बाहेर काढिली नाही.

दसऱ्याचा दरबार भरला. सोने वाटून झाले, आणि मंजुळा तिन्ही कोंगोंमागे उभी राहिली आणि आधी मधला बोलला, मग बापाने ओसरीवरून विचारिले, मग आईने आतून उत्तर दिले, आणि मग तिघे एकदम बोलू लागले तरी एकाने दुसऱ्याचे तोंड धरिले नाही. हात डावीउजवीकडे पाण्यासारखे गेले, वाकणे नाही, टाचा नाहीत. रामजींचा धरलेला खांदा आपोआप हलू लागला. आम्ही बायका झरोक्यात उभ्या होतो, आमच्या हातची आपट्याची पाने चुरगळून गेली ते नंतर कळले. पण सारे पाहात होते ते आऊसाहेबांकडे, आणि आऊसाहेबांची मान हलत नव्हती. वाजविणे थांबले. धोंडजी रुमाल चाचपीत पुढे झाला. तों आऊसाहेब बोलिल्या, "थांबलीस का गं? आम्ही मान हलवली असती तर ऐकण्यात खंड पडला असता." आणि मग स्वस्थपणे, सर्वांस दिसेल ऐसी मान डोलाविली. मंजुळेने कोंगोवरच डोके टेकिले.

इतक्यात विसाजीपंत कानाशी येऊन म्हणाले, "आऊसाहेब, चुकी माझी आहे. हे एकात एक बसत नाहीत. कोठीत जागा नाही. ठेवायचे कुठे?"

"ठेवायचे कशाला?" आऊसाहेब म्हणाल्या. "माझे पानदान उचला, तो चौरंग उचला. इथेच असू देत, माझ्या शेजारी."

"आणि ही मुलगी?"

"ती ढोल सोडून कुठे जाते?"

तात्पर्य, त्या दिवसापासून रामजी गुरवाची कन्या आऊसाहेबांच्या उजव्या हातास बसू लागली. धोंडजीने चार दिवस तोंड फिरविले आणि पाचव्या दिवशी नगाऱ्यावर तिची साथ करू लागला, कारण मधल्याशेजारी तोही बरा लागे. आणि त्याच दिवाळीत आऊसाहेबांनी कोठी उघडविली, माहेरच्या चांदीच्या वाट्या एकमेकींच्या पोटातून ओढून काढविल्या, आणि आम्ही सर्वांनी त्यांत बासुंदी खाल्ली. इति.