अण्णांनी पाहिलं

चष्मेवाल्याने सलग तिसऱ्या रविवारी वडिलांसमोर अक्षरांचा तक्ता धरला आणि अण्णांनी तो सलग तिसऱ्यांदा घडाघडा म्हणून दाखवला.

"अण्णा, तक्ता उलटा धरलाय मी."

"मग मी उलटं वाचलं," अण्णा म्हणाले आणि चहाचा कप टेबलाच्या कडेपासून चार बोटं अलीकडे, हवेत ठेवला. कप सुनेने वरच्या वर झेलला. तिला आता सवय झाली होती.

अण्णांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती, कुणाला खरचटूही न देता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते ताडकन उठून दुसऱ्या खोलीत जात. वाटेत दारालाही थोडं बाजूला व्हायला लावत. सगळ्या गावाच्या नाकावर चष्मे चढवणाऱ्या मुलाची यात फार पंचाईत होत होती. "आधी घरच्यांचं बघा की," असं गिऱ्हाईक हसत हसत म्हणे आणि त्याला दिवसभर जेवण गोड लागत नसे.

म्हणून त्याने एक बेत आखला. पाणथळीत होडीतून पक्षी आणि प्राणी दाखवायला नेतात, तिथे सगळ्यांनी जायचं. तिथे पाठ करायला तक्ता नसतो. अण्णांना दिसत नाही हे चारचौघांत सिद्ध झालं की ते मुकाट्याने ऑपरेशनला तयार होतील.

"ही सहल आहे की तपासणी?" बायकोने डबे भरताना विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला.

होडी एका बाईची होती. लांब बांबूने तळ रेटत ती होडी अशी सरकवायची की पाण्यालाही कळू नये. नऊ वर्षांची नात वही उघडून पुढे बसली, सून मध्ये, अण्णा मागे, आणि त्यांच्यासमोर परीक्षक.

"अण्णा, तो खंड्या बघा."

"पाहिला. निळा आहे."

"आणि तो पाणकावळा?"

"पाहिला. काळा आहे."

खंड्या निळा आणि पाणकावळा काळा असायचाच. चष्मेवाल्याने ओठ चावला आणि हुकमी पान टाकलं. जिथे काहीही नव्हतं अशा लव्हाळ्याकडे त्याने बोट दाखवलं. "ती पाणकोंबडी दिसली का?"

"दिसली की. पिल्लं आहेत तिच्याबरोबर."

"सापडलात," तो म्हणाला. "तिथे काही म्हणजे काही नाहीये."

होडीवालीने बांबू थांबवला. "आहे ना, साहेब. खाली, मुळाशी. तीन पिल्लं आहेत. बारीक ओरडतायत बघा."

अण्णांनी काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. चष्मेवाल्याला मात्र पाणकोंबडी दिसेना. तो उठला, वाकला, आणखी वाकला, आणि त्याच्या नाकावरचा मायनस सहाचा चष्मा टुपकन पाण्यात पडला. दुकानात आठशे फ्रेमा होत्या. होडीत ही एकच होती.

"उठू नका, मी काढते," म्हणत होडीवाली गुडघाभर पाण्यात उतरली. बांबू तिने चिखलात रोवला आणि खाली वाकून चाचपू लागली. तिचं वजन उतरल्यावर होडी हलकी झाली. मागून वारा होता. कुणाच्या लक्षात येईपर्यंत होडी, डबे आणि कुटुंब बाजूच्या अरुंद फाट्यात शिरलं होतं आणि होडीवाली वळणाआड गेली होती.

"आता काय करायचं?" सुनेने विचारलं. नवऱ्याला समोर फक्त हिरवा रंग आणि निळा रंग दिसत होता. तो दोन्ही रंगांकडे आळीपाळीने बघत राहिला.

"डब्यांची झाकणं काढा," मागून अण्णांचा आवाज आला. तो तीस वर्षांपूर्वीचा आवाज होता. "तू डावीकडे, सूनबाई उजवीकडे. मी सांगेन तसं पाणी मारायचं. आणि बाळ, तू माझी कंडक्टर. पुढे काय आहे ते सांग."

"पुढे वळण आहे, आजोबा. उजवीकडे."

"उजवी थांब. डावी मार."

चष्मेवाल्याने निमूटपणे झाकण मारलं. होडी चक्क वळली. अण्णांचे हात हवेत एक मोठं, गोल, नसलेलं स्टिअरिंग फिरवत होते. पण फाटा पुढे अरुंद झाला आणि होडी गवतात रुतली. चष्मेवाल्याला हाताच्या अंतरावर काहीतरी लांब आणि करडं दिसलं.

"थांबा, इथे ओंडका आहे. त्याला रेटा देतो," म्हणत त्याने हात लांबवला.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "ओंडक्याला डोळे आहेत."

आयुष्यभर लोकांचे डोळे तपासलेल्या माणसाने इतक्या वेगाने कुठल्याच डोळ्यांपासून हात मागे घेतला नव्हता.

"रिव्हर्स," अण्णा शांतपणे म्हणाले. "दोघं उलटं मारा. घाई नको. मागे मोकळं आहे का, बाळ?"

"मोकळं आहे."

होडी सुटली. मगरीने एकदा जांभई दिली, या मंडळींत काही राम नाही असं ठरवलं आणि ती पाण्याखाली गेली. वळणाच्या अलीकडे होडीवाली काठाने धावत येताना दिसली. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून तिने चष्मा स्वतःच्याच नाकावर चढवला होता, त्यामुळे ती दर चार पावलांनी झुडपात शिरत होती.

परतीच्या वाटेवर नातीने वहीतली यादी वाचली. खंड्या, पाणकावळा, पाणकोंबडी, मगर. "आजोबा, मगर तुम्ही पाहिली ना?"

"पाहिली" हा शब्द आता येणार म्हणून चष्मेवाला थांबला. तो आला नाही.

"नाही," अण्णा म्हणाले. "मगर नाही, ओंडका नाही, वळणसुद्धा नाही. काहीच दिसलं नाही मला." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "बत्तीस वर्षांत समोरचं दिसत नसताना गाडी कधी पुढे काढली नव्हती. आज काढली. तीही घरची माणसं बसवून."

सुनेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चष्मेवाल्याला हेच कबूल करून घ्यायचं होतं, पण आता त्याला जिंकल्यासारखं काही वाटेना.

"डॉक्टरांची वेळ घे," अण्णा म्हणाले.

"उद्याच घेतो."

"आणि बरा झालो की पुन्हा इथे यायचं. मगर बघायची आहे मला." त्यांनी पाय लांब केले. "मात्र तू चष्मा घरी ठेवून ये. तो नसला की तू बापाचं ऐकतोस."