हसूचा नाय

वाकोल्याचे परब फोटोग्राफर आहेत आणि गिऱ्हाईक हसलेलं त्यांना चालत नाही. आत शिरणाऱ्याला ते स्टूल दाखवतात आणि लगेच ताकीद देतात, "हसूचा नाय."

पूर्वी त्यांचा स्टुडिओ लग्नाच्या फोटोंसाठी, म्हणजे स्थळाकडे पाठवायच्या फोटोंसाठी प्रसिद्ध होता. सावळी मुलगी आत जायची, फोटोत गोरी होऊन बाहेर पडायची. मोबाइल आले आणि तो धंदा बसला. आता उरली ती शिकायला परदेशी जाणारी मुलं. त्यांच्या व्हिसाच्या फोटोत रंग उजळवायचा नाही, तीळ पुसायचा नाही. चष्मा काढायचा, कान दिसले पाहिजेत, मागे सावली नको, दात नकोत. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. एखादी आई कुरकुरली, की परब म्हणतात, "घरच्यांना आवडायला नाय काढत आम्ही. तिकडचा साहेब नाय म्हणता कामा नये, बस."

काउंटरमागच्या भिंतीवर एका मुलाचा मोठा केलेला फोटो आहे. विशीच्या आतबाहेरचा, पांढरी पार्श्वभूमी, ओठ मिटलेले, चेहऱ्यावर काहीही नाही. परब त्यावर फूटपट्टी टेकवतात. "हा बघ. असा चेहरा पाहिजे." तो नमुना मी काही वर्षं येता-जाता पाहत होतो. कॅमेऱ्याच्या कंपनीने दिला असावा, अशी माझी समजूत होती.

माझ्या मुलीचे, ईशाचे, दोन फोटो व्हिसाच्या वेबसाइटने परत केले होते. एकात कानावर केस, दुसऱ्यात दात. मार्कशीट, बँकेची पत्रं, कॉलेजचं पत्र, वैद्यकीय तपासणी, सगळं दोन महिने फिरून जमवलं होतं. अर्ज त्या संध्याकाळपर्यंत गेला नाही तर मुलाखतीची तारीख जाणार होती, आणि तारखेबरोबर कॉलेजचं पहिलं सत्र. अडलं होतं फक्त तिच्या चेहऱ्यापाशी.

ईशा स्टुलावर बसली आणि फूटपट्टी पाहून हसली.

"हसूचा नाय."

ती आणखी हसली. "सॉरी काका. तुम्ही असं बघता ना, कंट्रोलच होत नाही."

परबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यावर ती पोट धरून हसली.

"बाबा, तू बाहेर जा ना यार."

मी दारात जाऊन उभा राहिलो. अकरा फोटो वाया गेले.

परबांनी कॅमेरा खाली घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "तू गेलीस की तुझा बाप सकाळी किती कप चहा टाकणार?"

आमच्या घरात आम्ही दोघंच. ईशाने माझ्याकडे पाहिलं, मग समोर.

"एक," ती म्हणाली. परबांनी बटण दाबलं.

फोटो तिथूनच अर्जाला जोडला. वेबसाइटने घेतला.

"सगळ्यांना हेच विचारता?" मी म्हटलं.

"नाय. कुणाची आजी असते, कुणाचा कुत्रा." फूटपट्टी सवयीने भिंतीकडे गेली. "ह्याला काय विचारावं नाय लागलं. हा पहिल्यापासून गप्प."

"कोण हा?"

"नितीन. माझा मुलगा."

नितीन शिकायला गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. लहानपणचे फोटो डबाभर आहेत, परब म्हणाले. मोठा झाल्यावर मात्र बापाने कॅमेरा उचलला की तो उठून जायचा. हा एक काढू दिला, कारण अर्जाला लागणार होता. दर रविवारी फोन येतो. व्हिडिओ नको म्हणतो.

"सहा महिन्यांच्या आतला नाय तो," परब म्हणाले. "नऊ वर्षं झाली."

मी फाइल उचलली.

"थांबा. एक घरासाठी."

त्यांनी पांढरा पडदा सरकवला. मागे स्थळांच्या काळातला, कमळांचा पडदा होता. ईशा पुन्हा स्टुलावर बसली.

"आता हस गो."

तिला हसू येईना. तिने दोनदा प्रयत्न केला आणि मान खाली घातली.

दारात फायली घेऊन दोन गिऱ्हाइकं आली होती. परबांनी त्यांना तासाभराने यायला सांगितलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि कॅमेरा मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसले.

"सावकाश होऊ दे," ते म्हणाले. "ह्या फोटोला तारीख नाय."